मल्हारी फारसीनं सांगितलेला सिनेमा

भोकरदनच्या तहसील कचेरीसमोर एक जुना लिंब होता आणि त्या लिंबाखाली मल्हारी बसायचा. खांद्यावर काळं घोंगडं, डोक्याला लाल पागोटं, पुढ्यात दौत, बोरू आणि कागद. नव्या माणसाला वाटायचं, मेंढरांच्या बाजाराला आलेला कुणी धनगर सावली बघून टेकलाय. मग कुणीतरी घडीवर फाटलेला, पिवळा पडलेला एखादा कागद त्याच्यापुढं उलगडायचा. मल्हारी तो नाकाजवळ न्यायचा, डोळे बारीक करायचा आणि अस्खलित फारसी वाचायला लागायचा. बघणारा तोंडात बोट घालायचा.

कचेरीचं काम उर्दूत चालायचं. पण जुन्या सनदा, इनामाचे कागद, बादशाही जमान्यातले करार सगळे फारसीत होते, आणि ते वाचणारी माणसं तालुक्यात दोनच उरली होती. एक हसनाबादचे मौलवी कुतुबोद्दीन आणि दुसरा त्यांचा चेला मल्हारी. सारा तालुका त्याला मल्हारी फारसी म्हणायचा. त्याचं आडनाव कुणाला आठवत नसे.

तो चेला झाला तो दुधामुळं. मौलवीसाहेबांच्या बायकोला क्षय झाला होता आणि हकिमानं शेळीचं दूध सांगितलं होतं. सोळा-सतरा वर्षांचा मल्हारी रोज चरवी घेऊन जायचा आणि ओसरीवर मौलवीसाहेब शिकवत ते ऐकत उभा राहायचा. एकदा शिकणारी मंडळी एका ओळीवर अडली, तेव्हा पुढची ओळ अंगणातून आली. मौलवीसाहेबांनी मान वळवून पाहिलं आणि त्याला आत बोलावलं. बाई काही वाचल्या नाहीत. दूध घालणं थांबलं, पण शिकणं सहा वर्षं चाललं.

शिकवताना मौलवीसाहेबांचा एकच हेका असायचा. तर्जुमा, म्हणजे भाषांतर, ही अमानत. दुसऱ्याची ठेव. ती जशी आली तशी पलीकडं पोचवायची. आपल्या मनचा एक दाणाही तीत टाकायचा नाही आणि तीतला काढायचाही नाही.

हे त्याच्या हाडात मुरलं होतं, आणि त्याची किंमतही त्यानं मोजली होती. त्याचा चुलतभाऊ कचरू एकदा आजोबाचा कागद घेऊन आला. गिरजा नदीकाठचं कुरण आपल्या घराण्याला बक्षीस मिळालंय, असं घरात तीन पिढ्या सांगत आले होते. मल्हारीनं कागद वाचला. कुरण बक्षीस दिलेलं नव्हतं, नुसती दोन पावसाळे चराईची मुभा होती. पंचांसमोर त्यानं तेच सांगितलं. कचरूनं त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. लग्नकार्यात समोर आला तरी तोंड फिरवायचा.

असा हा माणूस एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या चैत्रात एका सिनेमात सापडला.

त्या साली मराठवाड्यात दिवस मोठे वाईट होते. निजामाचं राज्य हिंदुस्थानात सामील होईना. गावोगाव रझाकारांची पथकं उभी राहिली होती. भोकरदनचा सालार, म्हणजे रझाकारांचा पुढारी, हबीबखाँ नावाचा माणूस होता. पूर्वी तो नाक्यावर जकात वसूल करायचा. आता खाकी कपडे घालून, कमरेला तलवार लावून घोड्यावरून हिंडायचा. राजूरच्या वाटेवरची एक वाडी महिन्यापूर्वी जळाली होती. वाडीची माणसं म्हणत होती, निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला म्हणून जाळली. सरकारी कागदात लिहिलं होतं, चुलीच्या ठिणगीनं पेटली. वाडीच्या वतीनं अर्ज करायला गेलेला एक अर्जनवीस, लोकांचे अर्ज लिहिणारा, परत आला तो हात मोडूनच. मल्हारीच्या शेजारी बसायचा तो, त्याच लिंबाखाली. त्याची जागा आता रिकामी होती.

अशात जालन्याहून पुंजाराम नावाचा एक तंबू सिनेमावाला लॉरी घेऊन आला. सरहद्दीवर नाकेबंदी होती आणि मुंबईहून नवा सिनेमा येणं बंद झालं होतं. त्याच्याजवळचे जुने सिनेमे लावून लावून फाटून गेले होते. उरला होता एकच. मुंबईत कुणीतरी इराणला पाठवण्यासाठी फारसीत बनवलेला हा सिनेमा होता, त्याची एक प्रत त्यानं कधीतरी स्वस्तात घेतली होती. ‘अहद-ए-कूफा’, म्हणजे कूफा शहराचा करार. पैगंबरांचे नातू इमाम हुसेन करबल्याकडं निघाले, जिथं पुढं ते मारले गेले, तेव्हा कूफा शहरात काय घडलं, त्याची ही कहाणी. जालन्यात पुंजारामनं तो लावला तेव्हा कुणाला अक्षर कळलं नाही आणि लोकांनी पडद्यावर खडे मारले. भोकरदनला एक धनगर फारसी जाणतो असं त्याला कुणीतरी सांगितलं, म्हणून तो लिंबाखाली येऊन उभा राहिला.

गावाबाहेर केळना नदीच्या अंगाला एक सरकी काढायचं जिनिंग होतं. हंगाम संपल्यामुळं रुईचं गोदाम रिकामं पडलं होतं. तिथल्याच इंजिनावर वीज तयार करून पुंजारामनं एका दुपारी मल्हारीला एकट्याला सगळा सिनेमा दाखवला.

मल्हारी घरी आला तो हरखून. जयवंताबाई, त्याची बायको, भाकऱ्या थापत होती. तो चुलीपाशी बसला आणि सांगत सुटला. इतकी वर्षं त्यानं फारसी वाचली ती कागदावर. ऐकली ती एका मौलवीसाहेबांच्या तोंडून. आज पहिल्यांदा त्यानं बायांना फारसीत भांडताना ऐकलं, फेरीवाल्याला फारसीत ओरडताना ऐकलं, एका म्हाताऱ्याला फारसीत खोकताना ऐकलं. “खोकला तर आपल्यासारखाच हाये,” तो म्हणाला. जयवंताबाई हसली. त्या घरात हसण्याला बरेच दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी हबीबखाँनं त्याला बोलावणं धाडलं.

कचेरीमागच्या बंगल्यात सालार बाजेवर बसला होता. त्यानं मल्हारीला बस म्हटलं नाही. सिनेमा आपण पुंजारामकडून पाहून घेतलाय, तो म्हणाला, आणि पंचक्रोशीतल्या लोकांना तो दाखवायचा असं ठरवलंय. मुसलमान येतीलच, पण वाड्या-वस्त्यांवरच्या हिंदूंनाही आणायचं. सिनेमात एक परका अंमलदार शहरात येतो आणि लोकांना धमकावतो. मल्हारीनं सांगायचं, हा अंमलदार म्हणजे दिल्ली. जे लोक त्याला घाबरून शब्दावरून फिरतात ते म्हणजे सरहद्द ओलांडून पळणारे गद्दार. आणि जो म्हातारा शेवटपर्यंत टिकतो तो म्हणजे सरकार-ए-आलींची, म्हणजे निजामाची, इमानी रयत.

मल्हारी म्हणाला, “साहेब, सिनेमात दिल्ली न्हाई.”

सालार आवाज न चढवता म्हणाला, “जित्ता मैं बोला, उत्ताच बोलना. तेरे बाजूवाले का हाथ कैसा है अब?”

त्या रात्री मल्हारी जेवला नाही. जयवंताबाईला त्यानं सगळं सांगितलं. ती शहाणी बाई होती. चार शब्द इकडचे तिकडे झाले म्हणून काही आभाळ कोसळत नाही, ती म्हणाली. सिनेमा खोटा, त्यातली माणसं खोटी, मंग त्याचा तर्जुमा थोडा खोटा झाला तर कुणाचं काय जातंय. हात मोडला तर मात्र बोरू धरायला कुणी येणार न्हाई. मल्हारीला ते पटलं. निदान पटलं असं त्यानं स्वतःला सांगितलं.

खेळ शुक्रवारी दुपारी तीनला होता. गोदामाच्या खिडक्यांना काळी गोणपाटं लावली होती. आत पाचशे-सहाशे माणूस दाटीवाटीनं बसलं होतं. एका अंगाला पडदा लावून मुसलमान बायांची जागा केली होती. मागच्या बाजूला वाडी-वस्तीवरचे शेतकरी, धनगर, मजूर होते. त्यांना रझाकारांनी बैलगाड्यांतून आणलं होतं. त्यांत जळालेल्या वाडीची माणसंही होती. साळूबाई नावाची विधवा मल्हारीला ओळखू आली. तिचं घर आणि कडब्याची गंजी दोन्ही गेलं होतं. ती गुडघ्यांत मान घालून बसली होती. दाराशी लाठ्या घेतलेले आठ-दहा रझाकार होते, दोघांच्या हातांत बंदुका होत्या.

पुढच्या ओळीत खुर्च्या होत्या. मधल्या खुर्चीवर सालार आणि त्याच्या शेजारी मौलवी कुतुबोद्दीन.

मौलवीसाहेब येतील हे मल्हारीच्या मनातही आलं नव्हतं. वय झाल्यापासून ते हसनाबाद सोडत नसत. सालारनं त्यांना मानानं दमणी, छपराची बैलगाडी, पाठवून आणलं होतं. एवढा मोठा आलिम, विद्वान माणूस, समोर बसला म्हणजे खेळाला वजन येईल, असा त्याचा हिशेब. सहाशे माणसांत फारसी कळणारा हा एकच माणूस होता.

दार लावलं. इंजिनाची धडधड सुरू झाली. मल्हारी पडद्याच्या डाव्या हाताला पत्र्याचा कर्णा घेऊन उभा राहिला. सिनेमातली माणसं बोलू लागली की पुंजाराम आवाज बारीक करायचा आणि मल्हारी आधी दखनी उर्दूत, मग मराठीत सांगायचा.

पहिल्या रिळात कूफा शहर दिसलं. लोक रात्र रात्र जागून इमामांना पत्रं लिहितायत. आमच्याकडं या, आम्ही तुमच्या मागं आहोत. त्यात एक म्हातारा होता. घोड्यांची खोगिरं शिवायचा. त्यानंही आपल्या हातानं पत्र लिहिलं, खाली सही केली. हे सगळं मल्हारीनं जसंच्या तसं सांगितलं. मग दुसऱ्या रिळात तोंडावर कापड ओढलेला नवा अंमलदार वेशीतून आत आला, आणि मल्हारीनं कर्णा तोंडाला लावून म्हटलं, “हा बाहेरचा अंमलदार. हा म्हणजे समजा दिल्लीवाला. आपल्या मुलखावर चालून आलाय.”

हे सांगताना त्यानं पुढच्या ओळीकडं पाहिलं नाही.

रीळ संपलं की यंत्र थांबायचं, दार किलकिलं व्हायचं आणि उन्हाची एक पट्टी आत पडायची. पुंजाराम दुसरं रीळ चढवेपर्यंत लोक कुजबुजायचे. त्या उजेडात मल्हारीनं पाहिलं, सालार समाधानानं पाय हलवत होता. मौलवीसाहेब दोन्ही हात काठीवर ठेवून खाली बघत होते. त्यांनी मान वर केली असती, रागानं पाहिलं असतं, तर मल्हारीला सोसलं असतं. ते नुसते खाली बघत राहिले.

तिसऱ्या रिळात अंमलदाराची माणसं घरोघर जाऊ लागली. तुम्ही पत्र लिहिलं का? लोक म्हणू लागले, नाही. सही आमची नाही. आम्ही त्या माणसाला ओळखत नाही. मल्हारीनं सांगितलं की हे गद्दार आहेत. इतक्यात पडद्यावर अंमलदाराच्या माणसांनी एका घराला आग लावली. छपरातून धूर निघाला, एक बाई पोराला काखेत मारून बाहेर धावली. आणि मागच्या बाजूला, अंधारात, साळूबाई उभी राहिली. ती ओरडली नाही, रडलीही नाही. फक्त उभी राहिली, आणि तिच्या आसपासची वाडीची माणसं एकेक करून उभी राहू लागली. दारावरच्या रझाकारांनी लाठ्या आपटल्या, बसा बसा केलं. कुणी बसेना.

रीळ संपलं. दार उघडलं तेव्हा तीस-चाळीस माणसं पडद्याकडं तोंड करून तशीच उभी होती. सालार ताडकन उठून मल्हारीपाशी आला. त्याच्या तोंडाला पानाचा वास येत होता. घर जाळणारे दिल्लीचे आहेत, हे मोठ्यानं सांग, तो म्हणाला. आत्ता सांग, नाहीतर इथून चालत बाहेर जाणार नाहीस.

मल्हारीनं कर्णा उचलला आणि तसं सांगितलं. साळूबाईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि ती खाली बसली. वाडीची माणसंही बसली. त्या बसण्यापेक्षा त्यांनी दगड मारले असते तर बरं झालं असतं, असं मल्हारी पुढं म्हणायचा.

चौथं रीळ लागलं. खोगिरं शिवणाऱ्या म्हाताऱ्याला धरून अंमलदारापुढं आणलं. अंमलदाराच्या हातात त्याचं पत्र. तो गोड आवाजात म्हणाला, हे तू लिहिलं नाहीस एवढंच म्हण. तुझं घर वाचेल, लेकरं वाचतील. सगळ्या शहरानं तेच म्हटलंय. म्हातारा पत्राकडं बघत राहिला. मग तो बोलला, आणि पुंजारामनं आवाज बारीक करायला जरा उशीर केला म्हणून त्याची फारसी गोदामभर घुमली.

“ईन खत, खते मन अस्त. दस्तम रा बेबुर. खत अज आने मन मी-मानद.”

मल्हारीनं कर्णा तोंडाजवळ नेला. काय सांगायचं ते ठरलेलं होतं. मी सरकारशी इमानी आहे, दिल्लीपुढं वाकणार नाही, असं काहीतरी. पण तो म्हातारा उजव्या हाताची बोटं वाकवून उभा होता. चाळीस वर्षं सुई धरून वाकलेली बोटं. मल्हारीनं आपल्या बोटांकडं पाहिलं की नाही, ते त्याला नंतर कधी आठवलं नाही. एवढंच आठवलं, की जीभ उचलली आणि तिच्यावर जे होतं ते बाहेर पडलं.

“तो म्हणून राह्यला,” मल्हारी म्हणाला, “हे अक्षर माझं हाये. माझा हात तोड. अक्षर माझंच राहील.”

एवढ्यावर तो थांबला नाही. कर्णा तसाच धरून त्यानं पुढं सांगितलं, की मायबापहो, मी आधी चुकीचं सांगितलं. ह्या सिनेमात दिल्ली नाही. हा अंमलदार जुलमी आहे, आणि तो ह्या लोकांच्याच धर्माचा, त्यांच्याच राज्याचा माणूस आहे. घर जाळलं ते त्यानंच.

पडद्यावर माणसं हलत होती, पण गोदामात कुणी हललं नाही. सालारनं हात वर केला. यंत्र थांबलं. दार उघडलं, आणि बंदूकवाले दोघे आत आले.

सालारनं मल्हारीच्या घोंगड्याला धरून त्याला पुढच्या ओळीसमोर ओढलं. तो आता लोकांकडं वळून बोलत होता. हा काफिर आपल्या पाक कहाणीत आपल्या मनचं विष कालवतोय, तो म्हणाला. मग मौलवीसाहेबांकडं वळून अदबीनं विचारलं, “हजरत, आप फारसी के आलिम. आपच बताव, ये झूट बोला ना?”

मौलवीसाहेब उठले. त्यांना उठायला वेळ लागला. काठी टेकून ते उभे राहिले, आणि मल्हारीला वाटलं, आता संपलं. आपण ह्यांची अमानत मोडली. दोन रिळं मोडत राहिलो. हे काय म्हणून आपली बाजू घेतील?

मौलवीसाहेब म्हणाले, “हाँ. झूट बोला.”

सालारच्या चेहऱ्यावर हसू आलं. पण म्हातारा बसला नाही. त्याच संथ, शिकवणीच्या आवाजात ते पुढं बोलत राहिले. दुसऱ्या रिळात दिल्लीचं नाव घेतलं, ते खोटं. तिसऱ्यात घर जाळणारे बाहेरचे म्हटलं, तेही खोटं. ते त्यानं भीतीपोटी सांगितलं, आणि भीती कुणाची ते इथं सगळ्यांना माहीत आहे. “अब जो बोला,” ते म्हणाले, “उसमें एक हर्फ कम नहीं, एक जादा नहीं. मैं इसका उस्ताद हूँ. मैं गवाही देता हूँ.”

सालारचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. पण काय करायचं हे त्याला सुचेना. एका धनगराला मारणं निराळं. हसनाबादच्या मौलवीला, ज्यांनी अर्ध्या तालुक्याचे निकाह लावले होते आणि त्याच्या बंदूकवाल्यांतल्या एकाला अलिफ-बे शिकवलं होतं, त्यांना सहाशे लोकांसमोर हात लावणं निराळं. तेवढ्यात मुसलमान बायांच्या पडद्यामागून एका बाईचा आवाज आला. रडून रडून घोगरा झालेला. ती म्हणाली, त्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं ते आम्हाला बघू द्या. मग दुसरी म्हणाली. मग मुसलमान वस्तीतले एक-दोघे उठून म्हणाले, शहादतीची कहाणी अर्ध्यावर तोडायची नसते, सालारसाहेब.

हबीबखाँ खाली बसला. तो हरला होता असं नाही. संध्याकाळी बघू, असं त्यानं मनाशी ठरवलं असावं.

उरलेली तीन रिळं मल्हारीनं सांगितली. म्हाताऱ्याचा हात तोडला गेला. लांबून इमामांच्या काफिल्याची धूळ दिसली आणि वळून करबल्याकडं गेली. शहराची वेस बंदच राहिली. इमाम कुठं दिसले नाहीत. दिसली ती फक्त धूळ. पण त्या धुळीला बघून मुसलमान बाया ऊर बडवून रडल्या, आणि मागच्या बाजूला वाडीच्या बायाही पदरात तोंड घालून रडल्या. कोण कशासाठी रडतंय ते ज्याचं त्याला माहीत.

खेळ सुटला तेव्हा दिवस मावळायला आला होता. गर्दीत मौलवीसाहेबांनी मल्हारीचा दंड धरला आणि सालारनं पाठवलेल्या त्याच दमणीत त्याला बसवलं. घरापाशी थांबून जयवंताबाईला घेतलं. परातीतलं मळलेलं पीठ तसंच टाकून ती चढली. गाडीवानाला मौलवीसाहेब म्हणाले, हसनाबाद नाही, धाड. धाड म्हणजे वऱ्हाड, निजामाच्या सरहद्दीपलीकडं.

सरहद्दीच्या नाक्यावर चार रझाकार होते. एकानं कंदील उचलून आत पाहिलं. मल्हारीच्या लाल पागोट्यावर उजेड पडला. त्यानं विचारलं, हे कोण?

“मेरे घर के लोगां,” मौलवीसाहेब म्हणाले.

रझाकार पागोट्याकडं बघत राहिला. जयवंताबाईनं मल्हारीच्या घोंगड्याचं टोक मुठीत धरलं होतं. मग त्या रझाकारानं कंदील खाली केला, म्हाताऱ्याला सलाम केला आणि आडवं लावलेलं लाकूड बाजूला ओढलं.

पलीकडच्या पहिल्या विहिरीपाशी दमणी थांबली. मल्हारी उतरला आणि मौलवीसाहेबांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला. त्यांनी त्याला तसं करू दिलं नाही. दोन रिळांबद्दल माफी मागावी असं त्याच्या मनात होतं, पण तो एवढंच म्हणाला, “उस्ताद, तुम्ही बी इथंच राहा.”

आपल्याला कोण काय करणार, असं म्हणून ते गाडी वळवून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सालारची माणसं मल्हारीच्या घरी गेली. घर रिकामं होतं. त्यांनी पेटीतली फारसी पुस्तकं आणि लोकांचे वाचायला दिलेले कागद अंगणात जाळले. पुंजारामचा सिनेमा जप्त झाला. तो कुठं गेला ते कुणाला कळलं नाही. मौलवीसाहेबांना मात्र कुणी बोट लावलं नाही. ते श्रावणात तापानं गेले. मल्हारी तेव्हा धाडला दुसऱ्याची मेंढरं राखत होता. त्याला ती बातमी पंधरा दिवसांनी कळली.

भाद्रपदात हिंदुस्थानचं लष्कर आलं आणि रझाकारांचं राज्य पाच दिवसांत संपलं. दसऱ्याच्या सुमाराला मल्हारी परत आला. आल्या आल्या तो हसनाबादला जाऊन कबरीपाशी बसून आला. मग पुन्हा लिंबाखाली बसायला लागला.

हबीबखाँ पकडला गेला होता. चौकशी सुरू झाली, तेव्हा वाडीची माणसं मल्हारीकडं आली. साळूबाई पुढं होती. आग लागली त्या वेळी वाडीची सगळी माणसं शेतात लपली होती, जाळणाऱ्यांची तोंडं कुणी नीट पाहिली नव्हती. मल्हारी त्या दिवशी कागद वाचायला राजूरला गेला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच वाटेनं तो परत आला होता. त्यानं फक्त एवढं सांगायचं, की हबीबखाँला मशाल घेतलेलं मी पाहिलं. जाळलं तर त्यानंच होतं, यात कुणाला शंका नव्हती. मल्हारीलाही नव्हती.

चौकशीत त्याला विचारलं गेलं. त्यानं सांगितलं, सालारनं मला धमकावलं, ते खरं. खोटा तर्जुमा करायला लावला, ते खरं. आग लावताना पाहिलं का? “न्हाई साहेब. मी धूर पाह्यला. माणूस न्हाई पाह्यला.”

हबीबखाँला बेकायदा हत्यारं बाळगल्याबद्दल दोन वर्षं झाली. आगीचं काहीच शाबीत झालं नाही.

वाडीनं मल्हारीला वाळीत टाकल्यासारखं केलं. ज्याच्यापायी हा पळाला त्यालाच यानं वाचवलं, असं लोक बोलू लागले. जयवंताबाई पाणवठ्यावर गेली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. ती घरी येऊन त्याला म्हणायची, एक शब्द होता, एकच. त्याचं त्यालाही कधीकधी वाटायचं की आपण चुकलो. अशा दिवशी तो जेवत नसे, आणि कुणी कारण विचारलं तर पोट बिघडलंय म्हणायचा.

पाच-सहा वर्षं गेली. कचेरीत मराठी आली, उर्दूचे कारकून गेले, लिंबाखालची गर्दी विरळ झाली. कुळकायद्याचे खटले निघाले, तसे जुने कागद पुन्हा पेट्यांतून बाहेर पडू लागले. एका सकाळी साळूबाई लिंबाखाली आली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेला सासऱ्याचा कागद होता. आग लागली त्या दिवशी तो कागद तिच्या माहेरी होता म्हणून वाचला होता. विहिरीच्या मालकीचा वाद होता आणि समोरचा म्हणत होता, विहीर सगळी आमची.

ती उभीच राहिली. “मल्हारी, मला तुझा राग हाये,” ती म्हणाली. “मरेपर्यंत जायचा न्हाई. पर हे तू वाच.”

त्यानं फडकं सोडलं, कागद नाकाजवळ नेला. बराच वेळ वाचत राहिला. अक्षर पुसट होतं, दोन ठिकाणी कसरीनं खाल्लं होतं. मग त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओळ न ओळ, तिला मराठीत सांगितलं. विहिरीत तिच्या सासऱ्याचा हिस्सा होता, पण अर्धाच. सगळी विहीर तिची नव्हती.

साळूबाईनं ऐकून घेतलं, कागद परत गुंडाळला आणि म्हणाली, “मंग तसंच लिहून दे.”

मल्हारीनं बोरू दौतीत बुडवला.